धर्मादाय रुग्णालये, अनामतीची खिडकी आणि न घेतलेला रुग्ण

मूळ लेखन: गोदाकाठ

मार्च 2025 च्या अखेरीस पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर जो गदारोळ उठला, त्यातला, दाखल करून घेण्याआधी मागितल्याचा आरोप असलेला, दहा लाखांच्या अनामतीचा आकडा बहुतेकांच्या लक्षात राहिला असेल. नातेवाइकांचे आरोप, रुग्णालयाची बाजू आणि नंतरच्या चौकशा यांवर भरपूर लिहून झाले आहे. त्या प्रकरणाचा निवाडा येथे करण्याचा हेतू नाही. मला त्यातला एकच धागा ओढायचा आहे: रुग्णाला दाखल करून घ्यायचे की नाही, हा निर्णय आपल्या मोठ्या रुग्णालयांत नेमका कोण घेतो आणि नकार दिला गेला तर त्याची नोंद कोठे राहते?

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण नियमच नाही असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41 कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली घालून दिलेली योजना यांनुसार धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालवलेल्या, रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे सध्या वार्षिक 1,80,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब, तर दुर्बल म्हणजे 3,60,000 रुपयांपर्यंतचे. खर्च भागवण्यासाठी रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकायची असते. खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, चादरी, पाणी, वीज यांचे पैसे या रुग्णांकडून घ्यायचे नसतात, आणि औषधे व साहित्य बिलात खरेदीच्या भावाने धरायचे असते; निर्धनांचे हे बिल त्या निधीतून भागवायचे असते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता लगेच दाखल करून घ्यावे आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे सर्व उपचार द्यावेत, हेही त्या योजनेत स्पष्ट आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत, आणि त्यांत मुंबई-पुण्यातली काही सर्वांत महागडी नावेही येतात.

म्हणजे कागदावर हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. तरीही एखाद्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या दाखल-कक्षात पाऊण तास उभे राहून पाहावे. नातेवाईक फाइल पुढे सरकवतो तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न 'काय होतंय?' हा नसतो, 'कॅश की कॅशलेस?' हा असतो. त्यानंतर अंदाजपत्रकाचा कागद येतो आणि त्यावर एक रक्कम पेनाने गोल केलेली असते. खिडकीपलीकडची मुलगी अत्यंत नम्र असते. ती कोणालाही हाकलून देत नाही, ती फक्त म्हणते, 'एवढे भरून या, मग बेड अलॉट होईल.' तो माणूस बाहेर जाऊन चार फोन करतो आणि अर्ध्या तासाने रिक्षा बोलावतो. रुग्णालयाच्या दृष्टीने येथे काहीच घडलेले नसते. कोणाला नाकारले नाही, कोणत्या डॉक्टरने 'नाही' म्हटले नाही, कोणता केसपेपर निघाला नाही. हा रुग्ण कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

वैद्यकीय नीतीविषयी आपण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि रुग्ण असे दोघेच असतात. डॉक्टरांसाठीची 2002 ची आचारसंहिताही तेच गृहीत धरते. आजचा सर्वांत मोठा नैतिक निर्णय, म्हणजे कोणाचा उपचार सुरू होणार आणि कोणाचा नाही, तो मात्र या दोघांची गाठ पडण्यापूर्वीच, ज्याच्यावर कोणतीही वैद्यकीय आचारसंहिता लागू नाही अशा लेखनिकाच्या टेबलावर होऊन जातो. तो लेखनिक वाईट असतो असे मुळीच नाही. त्याला जे काम दिले आहे ते तो करतो. परंतु ही रचना अशी आहे की डॉक्टरचा सद्विवेक शाबूत राहतो, विश्वस्तांची प्रतिमा शाबूत राहते आणि रुग्ण रस्त्यावर असतो.

म्हणून माझी मागणी राखीव खाटा 10 वरून 20 टक्के करा अशी नाही. दाखल न झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही ठेवा, एवढीच आहे. जो रुग्ण रुग्णालयाच्या दारात आला, ज्याला दाखल होण्याची गरज होती आणि जो दाखल न होता गेला, त्याचे नाव, वेळ, तक्रार, मागितलेली रक्कम आणि जाण्याचे कारण नोंदवून त्याखाली ड्यूटीवरच्या डॉक्टरची सही असावी. भरलेल्या खाटांचे तक्ते धर्मादाय आयुक्तांकडे जातातच, नकारांचे तक्तेही जावेत. यात व्यवहार्य अडचणी काय आहेत, हे या क्षेत्रातल्या लोकांनी सांगावे.

प्रतिसाद: स्टेथो

मी एका धर्मादाय रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. लेखातले दाखल-कक्षाचे वर्णन खोटे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु त्यामागचे गणित सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

धर्मादाय रुग्णालये एका साच्यातली नसतात. शहरातल्या ज्या संस्थेचे वार्षिक बिल काही शे कोटींचे आहे, तिच्या निधीत 2 टक्क्यांनी दरवर्षी कोट्यवधी रुपये जमतात. तेथे पैसा नाही ही सबब चालणार नाही. उलट तालुक्याच्या ठिकाणी पन्नास खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रस्टकडे येणारे निम्मे रुग्ण निर्धन व्याख्येत बसतात, आणि त्याचे एकूण बिलच इतके तुटपुंजे असते की तो निधी वर्षाच्या मध्यावरच संपतो. नियम दोघांना एकच. शासकीय आरोग्य योजनांची पॅकेजेस, म्हणजे उपचारांचे ठरवून दिलेले दर, परवडत नाहीत आणि त्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत, ही रड आपण सर्वांनी ऐकली असेल. ती नेहमीच खोटी नसते.

दुसरे, नोंदवहीवर डॉक्टरची सही. ही सही कोण करणार? रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत असलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर. त्याला खाट देण्याचा अधिकार नाही, अनामत माफ करण्याचा अधिकार नाही, आणि उद्या नातेवाइकांनी काचा फोडल्या तर मार तोच खाणार. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्या माथी सही मारणे, याला मी नीतिमत्ता म्हणणार नाही. एवढे मात्र मान्य करतो की दाखल झालेल्या रुग्णाबद्दल मला कोणीही जाब विचारू शकतो, न झालेल्याबद्दल आजवर कोणी विचारलेला नाही. मला स्वतःलाही तो कळत नाही.

प्रतिसाद: वॉर्ड_बाहेरची

बरीच वर्षे मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. योजनेनुसार निर्धन रुग्णाची कागदपत्रे तपासणे हे आमच्याच पदाचे काम असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गोदाकाठ यांनी पहिल्या खिडकीचे लिहिले. मी दुसऱ्या टोकाचे सांगते. मी पाहिलेल्या बहुतेक रुग्णांना या योजनेचे नाव कळायचे ते घरी सोडण्याच्या वेळी, बिल आवाक्याबाहेर गेल्यावर. तोपर्यंत त्यांनी दागिना मोडलेला असे आणि गावाकडे व्याजाने पैसे उचललेले असत. मग कोणीतरी सांगे की समाजसेवा विभागात जाऊन बघा. आमच्याकडे आल्यावर बिलातून काही रक्कम कमी होई आणि ते कुटुंब हात जोडून, अक्षरशः पाया पडून जाई. कायद्याने जे त्यांचे होते ते आम्ही उपकार म्हणून दिले आणि त्यांनीही ते उपकार म्हणूनच घेतले. या गोष्टीचा मला नोकरीत असताना सर्वांत जास्त त्रास झाला.

खाटा रिकाम्या राहतात असेही सरसकट म्हणता येत नाही. त्या भरतात, पण कोणाकडून? ज्याच्याकडे आमदाराची, नगरसेवकाची किंवा मंत्र्याच्या स्वीय सहायकाची चिठ्ठी आहे तो आधी पोचतो. चिठ्ठी आणणारा अपात्र असतो असे नाही, बहुतेकदा गरजूच असतो. परंतु गरिबांमध्येही ओळख असलेला गरीब आणि ओळख नसलेला गरीब असे दोन वर्ग पडतात, आणि दुसऱ्या वर्गातला माणूस आमच्या दारापर्यंत येतच नाही. तक्त्यात खाट भरलेली दिसते, तपासणीला आलेला निरीक्षकही समाधानाने परत जातो.

कागदांचे एक उदाहरण देते. जालन्याकडचे बांधकामावर राबणारे जोडपे दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते, त्याला झटके येत होते. रेशनकार्ड होते आणि ते पिवळेही होते, पण त्यावर मुलाचे नाव चढवलेले नव्हते. आमच्या लेखा विभागाने विचारले की हा मुलगा याच कुटुंबातला कशावरून? तहसीलदाराचा दाखला आणायचा तर तहसील गावाकडे, आणि दिवस शनिवारचा. शेवटी एका वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर दाखल करून घेतले आणि कागद नंतर आले. असे डॉक्टर असतात. परंतु ते असले तर रुग्ण वाचणार आणि त्या दिवशी सुट्टीवर असले तर नाही, ही काही व्यवस्था नव्हे.

नोंदवहीची कल्पना मला पटते. फक्त ती दाखल-कक्षात ठेवू नका, कॅज्युअल्टीच्या दारावर ठेवा. रुग्ण आला की नाव लिहिले गेले पाहिजे, पैशांचा विषय निघण्याच्या आधी. एकदा पैशांचे बोलणे सुरू झाले की कोणीही त्याचे नाव लिहिणार नाही.

प्रतिसाद: तळटीप

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ही नोंदवही नवी कल्पना नाही.

1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे असे म्हटले, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी उल्लेखिला जाणारा निकाल 1996 चा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. 1992 साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकाता परिसरातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, आणि अखेर त्याला खाजगी रुग्णालयात सुमारे 17,000 रुपये खर्च करावे लागले. न्यायालयाने ते राज्यघटनेच्या कलम 21 चे, म्हणजे जगण्याच्या हक्काचे, उल्लंघन ठरवून 25,000 रुपये भरपाई दिली. या प्रकरणाच्या चौकशीनंतर राज्य शासनाने काढलेल्या सूचना निकालपत्रात नमूद आहेत. तातडीच्या विभागातल्या नोंदवहीत रुग्णाचे नाव, वय, पत्ता, आजार, येण्याची तारीख व वेळ, आणि त्याला कोठे दाखल केले, हलवले किंवा पाठवले हे लिहिलेच पाहिजे, नोंदवह्या सुरक्षित ठेवल्या पाहिजेत आणि अधीक्षकांनी त्या वेळोवेळी तपासल्या पाहिजेत, अशा त्या सूचना होत्या. गोदाकाठ जे मागत आहेत ते सरकारी रुग्णालयांसाठी तीस वर्षांपूर्वी लिहून झाले आहे. धर्मादाय रुग्णालयांना ते लावण्यात तत्त्वतः कोणतीच अडचण दिसत नाही.

दिल्लीचाही अनुभव लक्षात घ्यावा. तेथे सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या खाजगी रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात 25 टक्के आणि आंतररुग्ण विभागात 10 टक्के गरिबांना मोफत उपचार द्यावेत, यासाठी जुलै 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. जमीन घेताना अट मान्य आणि रुग्ण आल्यावर अट अन्यायकारक, हा युक्तिवाद बड्या संस्थांनी वर्षानुवर्षे विविध न्यायालयांत केला आहे.

प्रतिसाद: तिलारी

माझ्या मते ही सगळी चर्चा चुकीच्या दारावर चालली आहे. आमच्या दोडामार्ग तालुक्यात मोठे धर्मादाय रुग्णालय नाही, त्यामुळे 10 टक्के कशाचे? सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला जात आला आहे. 2018 च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा आमच्याकडे आंदोलन उभे राहिले. गोव्याने स्वतःच्या करदात्यांच्या पैशांचा विचार केला, त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. दोष असलाच तर तो महाराष्ट्राचा आहे, कारण सरहद्दीवरच्या आपल्या माणसाला उपचार द्यायला त्याच्याकडे जवळ काही नव्हते.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने 1946 साली सांगितले की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये, तेही कोविडच्या काळात, तो 1.84 टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांच्या स्वतःच्या खिशातून गेले. 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांशी तुलना केली तर ही घट मोठीच आहे, हे मान्य. पण ज्याच्या खिशात काही नाही, तो मुळात दवाखान्यात गेलाच नाही तर त्याचा खर्चही शून्यच दिसतो. सरकारी रुग्णालय धड चालवा, मग ट्रस्टच्या खाटांसाठी कोणाला चिठ्ठी लागणार नाही.

प्रतिसाद: मुळामुठा

एक प्रश्न. मी निर्धन नाही, दुर्बल नाही, विमा आहे पण तो पाच लाखांचा. निर्धन रुग्ण निधीचे 2 टक्के माझ्यासारख्यांच्या बिलावरून ठरतात, तर त्याचा हिशोब मला का दिसू नये? हॉटेलच्या बिलावरचा प्रत्येक कर वेगळा छापलेला असतो. येथे बिल सहा पानी असते, त्यात हातमोज्यांच्या जोडीलाही स्वतंत्र ओळ असते, आणि या निधीची मात्र एकही ओळ नसते.

प्रतिसाद: गोदाकाठ

सर्वांचे आभार. एकेक मुद्दा घेतो.

मुळामुठा, तुमच्या हातमोज्यांच्या ओळीतच बरेच काही दडलेले आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही औषधे व साहित्यावर 1,700 टक्क्यांहून अधिक नफा घेतल्याचे आढळले. आपल्या योजनेत निर्धन रुग्णाच्या बिलात हेच साहित्य खरेदीच्या भावाने धरायचे असते. त्यामुळे गरिबावरचा खर्च नेमका किती हे रुग्णालयाला पक्के ठाऊक असते, आणि खरेदीचा भाव व छापील किंमत यांतली दरी उघडी पडण्याचे भय हेही हा हिशोब झाकून ठेवण्याचे एक कारण असावे, असा माझा कयास आहे. बिलावर निधीची ओळ छापावी ही सूचना मी उचलतो.

तिलारी, तुमचे म्हणणे मूलभूत आहे आणि मला ते मान्य आहे. पण सरकारी रुग्णालय सुधारेपर्यंत धर्मादाय या नावाखाली जमीन, करसवलत आणि प्रतिष्ठा घेणाऱ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, हे मान्य नाही. शिवाय तुमच्या दाराचा आणि माझ्या दाराचा संबंध आहे. दोडामार्गहून मुंबईला पाठवलेल्या रुग्णाला सरकारी रुग्णालयात जागा मिळाली नाही, तर तो याच खिडकीशी येऊन उभा राहतो.

स्टेथो, तुमची हरकत सर्वांत वजनदार आहे. निवासी डॉक्टरवर सही ढकलली तर व्यवस्था आणखी एका दुबळ्या माणसामागे लपेल. वॉर्ड_बाहेरची यांनी सुचवले त्याप्रमाणे नोंद कॅज्युअल्टीच्या दारावर व्हावी आणि निवासी डॉक्टरने फक्त वैद्यकीय भाग लिहावा: काय झाले आहे, दाखल करणे आवश्यक आहे की नाही, किती तातडीचे आहे. पुढचा रकाना, म्हणजे दाखल का झाले नाही, हा वैद्यकीय अधीक्षकाने चोवीस तासांत भरून सही करावी. असे झाले तर 'आवश्यक आहे' आणि 'दाखल नाही' या दोन नोंदींमधली जागा कोणीतरी अधिकारपदावरच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात भरलेली असेल. तालुक्याच्या छोट्या ट्रस्टलाही याचा फायदा आहे, कारण निधी संपल्यामुळे किती रुग्ण परत गेले याचा पुरावा हाती असेल तर मोठ्या रुग्णालयांत पडून राहिलेला निधी इकडे वळवा, ही मागणी त्याला आकड्यांनिशी करता येईल.

प्रतिसाद: स्टेथो

अधीक्षकाची सही हा बदल योग्य आहे, पण अधीक्षकही पगारी नोकरच असतो. अनामतीचे धोरण विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरते, आणि तेथे बसणाऱ्यांपैकी कित्येकांनी कॅज्युअल्टी उद्घाटनाच्या दिवसानंतर पाहिलेलीही नसते. ही नोंदवही दर महिन्याला विश्वस्तांच्या बैठकीत वाचली गेली आणि ती वाचल्याचे इतिवृत्तात नोंदले गेले, तर माझा पाठिंबा आहे. आमच्या वैद्यकीय समितीपुढे हा मसुदा मांडून पाहतो. मात्र त्यात 'नातेवाइकांच्या इच्छेने दुसरीकडे नेले' असा रकाना ठेवू नका. तो ठेवलात तर सगळ्या नोंदी त्याच रकान्यात जातील.

प्रतिसाद: वॉर्ड_बाहेरची

अगदी खरे. आमच्याकडे तो शिक्काच बनवून ठेवलेला होता.